गिअरबॉक्सवर आळ घेण्याआधी

ऑटोमॅटिक गाडी व्यवस्थित चाललेली असते. अचानक डॅशबोर्डवर दिवा लागतो, गिअर दाखवणारं 'डी' अक्षर गायब होतं किंवा लुकलुकायला लागतं आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रडतखडत पुढे सरकते. बाजूला घेऊन बंद करावी, पाच मिनिटांनी सुरू करावी, तर सगळं पूर्ववत. दोन दिवसांनी पुन्हा तेच. स्कॅनर, म्हणजे गाडीतले नोंदलेले दोष वाचणारं यंत्र, लावला की कोड दिसतो यू०१०१, म्हणजे 'ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूलशी', गिअरबॉक्स सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाशी, 'संपर्क तुटला'. आणि बरेचदा निकालही तिथेच लागतो: मॉड्यूल गेलं, नाहीतर गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

हा निकाल फार घाईचा आहे. संपर्क तुटला याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी संदेशाची वाट पाहत होतं आणि तो वेळेत आला नाही. का आला नाही, हे कोडला ठाऊक नसतं. मॉड्यूलची वीज गेली असेल, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट, गॅरेजच्या भाषेत नुसतं 'अर्थ') सैल असेल, वायर तुटली असेल, किंवा तिसऱ्याच कुणीतरी बोलण्याची सामाईक लाइन अडवून धरली असेल. मॉड्यूल खरोखर मेलेलं असणं ही यातली सगळ्यात शेवटी धरायची शक्यता. कोड तक्रार नोंदवतो, गुन्हेगार दाखवत नाही. ही एक गोष्ट मनात पक्की बसली, तर पुढचा सगळा तपास सोपा होतो.

गिअर पडताना होणारं बोलणं

ऑटोमॅटिक गाडीत निदान दोन मेंदू सतत एकमेकांशी बोलत असतात. एक इंजिनचा, म्हणजे ईसीएम. दुसरा गिअरबॉक्सचा, म्हणजे टीसीएम, वर आलेलं ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल. गाडी दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाते तो क्षण घ्या. आत एक क्लच सुटत असतो आणि त्याच वेळी दुसरा पकडत असतो. इंजिन पूर्ण जोरात ओढत असताना हे घडलं तर क्लच घासेल आणि प्रवाशांना धक्का बसेल. म्हणून टीसीएम इंजिनला विनंती पाठवतं, 'क्षणभर जोर कमी कर'. ईसीएम स्पार्क किंचित उशिरा देऊन जोर उतरवतं, क्लच बसतो, जोर परत येतो. हे सगळं सेकंदाच्या काही भागात उरकतं आणि चालवणाऱ्याला जेमतेम जाणवतं.

त्याखेरीज टीसीएमला एरवीही बरंच काही लागतं. ॲक्सिलरेटर किती दाबलाय, इंजिन किती जोर देतंय, पाणी किती तापलंय, ब्रेकवर पाय आहे का, चाकं किती वेगाने फिरताहेत. यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी त्याच्याकडे स्वतःचे सेन्सर नसतात. चाकांचा वेग एबीएसकडून, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडून येतो, इंजिनचा जोर ईसीएमकडून. उलट दिशेनेही तसंच: गिअर 'पी' (पार्क) किंवा 'एन'मध्ये (न्यूट्रल) आहे ही खबर मिळाली नाही, तर अनेक गाड्यांत स्टार्टर फिरतच नाही. म्हणजे गाडी स्टार्ट न होण्याचं मूळही कधी कधी गिअरबॉक्सच्या वायरिंगमध्ये सापडतं, आणि गिअरचा धक्का हा एबीएसच्या वायरचा प्रताप असू शकतो.

टीसीएम गप्प झालं की काय होतं? गिअरबॉक्समधल्या सॉलेनॉइडची, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विद्युतचुंबकांची, वीज जाते, आतले व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर आपल्या मूळ जागी येतात, आणि तेलाचे मार्ग असे आखलेले असतात की त्या अवस्थेत एकच ठरावीक गिअर लागतो. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये तो तिसरा असतो. यालाच लिम्प मोड म्हणतात. गाडी कशीबशी बाजूला किंवा घरापर्यंत नेता यावी म्हणून बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेली ही सोय आहे. तेव्हा 'तिसऱ्यातच अडकते' यावरून आतला क्लच जळाला असा अर्थ काढणं चूक. क्लच शाबूत असूनही वीज गेली तर गाडी हेच करेल.

दोन वायरींवरची भाषा

पूर्वी प्रत्येक माहितीसाठी वेगळी वायर ओढावी लागे. मॉड्यूल वाढत गेले तसा वायरींचा गुंता आणि वजन हाताबाहेर गेलं. बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंता परिषदेत आपली पद्धत जाहीर केली. तिचं नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, सगळ्यांच्या तोंडी कॅन. आज इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांच्यातलं बोलणं बहुतेक गाड्यांत याच लाइनवर चालतं, बऱ्याचदा सेकंदाला ५ लाख बिट या वेगाने.

वायरी दोनच. कॅन हाय आणि कॅन लो, एकमेकींभोवती पिळलेल्या. कुणी बोलत नसेल तेव्हा दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट. बोलताना हाय ३.५ वर चढते आणि लो १.५ वर उतरते. ऐकणारा मॉड्यूल पाहतो तो दोन्हींमधला फरक. इग्निशन कॉइल किंवा अल्टरनेटरमुळे बाहेरून गडबड शिरली तर ती पिळामुळे दोन्ही वायरींवर सारखीच चढते आणि फरक तसाच राहतो. म्हणून तो पीळ महत्त्वाचा. दुरुस्ती करताना तो उसवून सरळ वायर जोडणाऱ्याने पुढच्या दुखण्याची पेरणी करून ठेवलेली असते. जोड शक्य तितका आखूड ठेवावा आणि पीळ परत द्यावा.

लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. टोकाला पोचलेला सिग्नल आपटून मागे फिरू नये म्हणून तो लागतो. दोन १२० समांतर, म्हणजे मीटरला ६० ओहम दिसायला हवेत.

आणखी एक बारकावा आहे, जो मला या पद्धतीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुकांचा हिशेब ठेवतं. पाठवलेला संदेश बिघडला की खात्यात ८ जमा, नीट गेला की १ वजा. हा आकडा २५५ च्या वर गेला, की मॉड्यूल स्वतःहून लाइनवरून बाजूला होतं. आपल्यामुळे बाकीच्यांचं बोलणं बिघडू नये म्हणून. या अवस्थेला बस ऑफ म्हणतात आणि यू००७३ हा कोड तिचाच. म्हणजे गप्प बसलेलं मॉड्यूल प्रत्येक वेळी मेलेलं नसतं. कधी ते शहाणपणाने गप्प बसलेलं असतं.

कोण कुणाबद्दल तक्रार करतंय

'यू'ने सुरू होणारे कोड संपर्काचे. यू०१०० म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला, यू०१०१ म्हणजे गिअरबॉक्सच्या, यू०१२१ म्हणजे एबीएसच्या. हे आकडे कुठेही सापडतात. त्यापेक्षा मोलाची गोष्ट ही, की तो कोड कुणाच्या वहीत, म्हणजे कोणत्या मॉड्यूलच्या नोंदींत, सापडला.

म्हणून फक्त इंजिनचा कोड वाचून थांबू नये. गाडीतल्या प्रत्येक मॉड्यूलचे कोड वाचावेत आणि कागदावर दोन रकाने पाडावेत: तक्रार करणारा आणि गैरहजर असलेला. ईसीएम, एबीएस आणि डॅशबोर्ड हे तिघेही 'टीसीएम दिसत नाही' म्हणत असतील, पण आपसात व्यवस्थित बोलत असतील, तर मुख्य लाइन ठीक आहे. दोष टीसीएमकडे जाणाऱ्या फाट्यावर, त्याच्या विजेत, अर्थमध्ये किंवा त्याच्यात. टीसीएम स्वतः जिवंत आहे आणि 'मला कुणीच ऐकू येत नाही' म्हणतंय, तर त्याच्या कॅन वायरी पाहा, वीज जवळजवळ नक्की ठीक आहे. सगळेच सगळ्यांबद्दल ओरडत असतील, तर मुख्य लाइन आडवी, म्हणजे ठप्प, झाली आहे किंवा बॅटरी इतकी बसली होती की सगळ्यांनाच एकदम भोवळ आली. आणि फक्त एकट्या एबीएसला टीसीएम दिसत नसेल, बाकीच्यांना दिसत असेल, तर टीसीएम निर्दोष आहे. ऐकणाऱ्याच्या कानात बिघाड आहे.

पी०७०० हा कोडही असाच गैरसमजाचा धनी. लोक त्याला गिअरबॉक्स बिघडल्याचा दाखला समजतात. तो प्रत्यक्षात टीसीएमने ईसीएमकडे केलेला निरोप असतो: 'माझ्याकडे दोष नोंदला आहे, तू दिवा लाव'. खरा कोड टीसीएमच्या वहीत असतो. आता गंमत बघा. बहुतेक गाड्यांत हा निरोप त्याच कॅन लाइनवरून जातो. म्हणजे पी०७०० नोंदला गेला, त्या क्षणी टीसीएम जिवंत होतं आणि बोलत होतं. यू०१०१ आणि पी०७०० दोन्ही एकाच गाडीत दिसले तर संपर्क कायमचा तुटलेला नाही, येतो-जातो आहे, हे स्कॅनर बाजूला ठेवण्याआधीच कळतं.

कोड पुसण्याची घाई मात्र करू नका. आधी ते लिहून घ्या आणि कोड पडला तेव्हाचा वेग, तापमान, बॅटरीचे व्होल्ट स्कॅनर दाखवत असेल तर तेही. जुन्या जंप स्टार्टच्या वेळचे, बॅटरी बदलतानाचे कोड वहीत पडून असतात आणि उगाच दिशाभूल करतात. लिहून झाल्यावर पुसा, गाडी चालवा, आणि परत येणाऱ्यांच्याच मागे लागा.

मीटर खरं बोलतो, पण अर्धवट

आता मुख्य तपास, आणि तो वीज आणि अर्थपासून सुरू होतो. एक प्रसंग सांगतो, कारण तो या सगळ्या विषयाचं सार आहे.

एक गाडी समोर आली तीच 'टीसीएम बदला' या सल्ल्यासह. तक्रार वर लिहिली तीच: गिअर बदलताना अचानक लिम्प मोड, बंद करून सुरू केली की ठीक. टीसीएमचा कनेक्टर काढला, चावी फिरवली आणि मीटरचं एक टोक वीज येणाऱ्या पिनवर, दुसरं अर्थच्या पिनवर. १२.४ व्होल्ट. पाहणारा म्हणेल, वीज उत्तम आहे, मॉड्यूलच गेलं. पण डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीचा एक तंतू शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवेल. म्हणून त्याच दोन पिनांमध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडला, पिनांची तोंडं फाकणार नाहीत अशा बारीक टोकाच्या वायरींनी. बल्ब तांबूस, मिणमिणता पेटला आणि मीटर ७ व्होल्टवर उतरला.

पुढचा प्रश्न, बाकीचे व्होल्ट जातात कुठे? बल्बची अर्थची बाजू काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. बल्ब लख्ख. म्हणजे वीज येणारी बाजू निर्दोष, खोट अर्थमध्ये. त्या वायरचा माग काढत गेलो तो बॅटरीच्या ट्रेखाली, बॉडीला आवळलेल्या एका बोल्टापाशी. वरून बोल्ट घट्ट. उघडला तर रिंगच्या खाली पांढरी-हिरवी पूड. धातू उघडा पडेपर्यंत घासला, आवळला, वर संरक्षक ग्रीस लावलं. पुन्हा बल्ब जोडून अर्थची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातले व्होल्ट मोजले. पेटलेल्या बल्बसह तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडू नयेत. पडले त्याहून कमी.

दोष गिअर बदलतानाच का यायचा, हेही यातूनच उलगडतं. गाडी एका गिअरमध्ये शांत चालताना टीसीएम थोडाच करंट ओढतं. गिअर बदलताना सॉलेनॉइड भराभर चालू-बंद होतात, करंट वाढतो, खराब अर्थवर व्होल्ट पडतात आणि मॉड्यूलचा प्रोसेसर बंद पडून पुन्हा सुरू होतो. तेवढा वेळ ते गप्प. बाकीचे 'संपर्क तुटला' म्हणून नोंद करतात. चालवणाऱ्याला मात्र दिसतं ते इतकंच की गिअर पडताना गाडी बिघडते. संशय गिअरबॉक्सवर जाणारच.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल, मग टीसीएमचे फ्यूज आणि रिले, मग वीज आणि अर्थ दोन्ही बल्बचा भार देऊन. टीसीएमला वीज देणाऱ्या पिना एकाहून जास्त असतात, काही कायम चालू, काही चावीसोबत. वायरिंगचा नकाशा समोर ठेवून प्रत्येक तपासावी.

मग लाइनकडे

वीज-अर्थ निर्दोष ठरले की कॅनच्या दोन वायरी. स्टिअरिंगखालचं १६ पिनांचं सॉकेट हा सोयीचा दरवाजा: ६ नंबरला कॅन हाय, १४ ला कॅन लो, १६ ला बॅटरी, ४ आणि ५ ला अर्थ. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मॉड्यूल झोपेपर्यंत काही मिनिटं थांबा, आणि ६ व १४ मधला रेझिस्टन्स मोजा. ६० च्या आसपास आला तर मुख्य लाइनची दोन्ही टोकं जागेवर आहेत. १२० आला तर एक टोक तुटलं आहे. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या. ४० आला तर कुठेतरी तिसरा रेझिस्टर घुसला आहे. चुकीच्या प्रकारचं बदली मॉड्यूल किंवा नंतर बसवलेलं एखादं यंत्र शोधा.

इथे दोन फसवे खड्डे आहेत. अनेक नव्या गाड्यांत सॉकेट आणि इंजिन-गिअरबॉक्सची लाइन यांच्या मध्ये गेटवे नावाचं, संदेश इकडून तिकडे पोचवणारं मॉड्यूल असतं. मग सॉकेटवर मोजलेला आकडा फक्त गेटवेपर्यंतच्या तुकड्याचा, आतल्या लाइनबद्दल तो काही सांगत नाही. दुसरा खड्डा असा, की टीसीएम लाइनच्या टोकाला नसून मधल्या फाट्यावर असेल, तर तो फाटा पूर्ण तुटला तरी सॉकेटवर ६० च दिसतात. त्यामुळे टीसीएमचा कनेक्टर काढून त्याच्याच पिनांवर मोजणं हाच खरा पुरावा. टोकाचा रेझिस्टर टीसीएमच्या पोटात असेल तर कनेक्टर काढल्यावर १२० दिसतील, तेव्हा दचकू नका.

नंतर बॅटरी जोडून, चावी फिरवून व्होल्ट. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे हाय २.५ च्या थोडी वर आणि लो थोडी खाली, दोन्हींची बेरीज साधारण ५. हाय शून्यावर असेल तर ती बॉडीला टेकली आहे. दोन्हींपैकी एक जरी १२ च्या दिशेने चढली तर विजेच्या वायरला लागली आहे. दोन्हींवर अगदी सारखे व्होल्ट असतील तर एक तर कुणी बोलत नाही, किंवा त्या एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि याचा निवाडा आधीच्या रेझिस्टन्सने होतो.

पूर्ण लाइन आडवी असेल तर मीटर लाइनवर ठेवून एकेक मॉड्यूलचा कनेक्टर काढत जा. ज्याच्या काढण्याने व्होल्ट ताळ्यावर आले, तो किंवा त्याची वायर दोषी. पण त्याही आधी नंतर बसवलेल्या वस्तू काढा: अलार्म, ट्रॅकर, म्युझिक सिस्टीम, सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेली छोटी उपकरणं. दोन मिनिटांचं काम आहे आणि कधी कधी तपास तिथेच संपतो.

येणाऱ्या-जाणाऱ्या दोषासाठी मीटर अपुरा पडतो. तिथे ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टची चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र, लागतो. पडद्यावर हाय वर उड्या मारते आणि लो त्याच क्षणी खाली, आरशातल्या प्रतिबिंबासारखी. इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, हाताने हलवत जायचं आणि पडद्यावर ते प्रतिबिंब कुठे मोडतं ते पाहायचं. हलवताना खास लक्ष द्यायचं ते गिअरबॉक्सच्या बाजूला, कारण तिथे वायरी थरथरतात, तापतात, ब्रॅकेटवर घासतात. कनेक्टर उघडाल तेव्हा आत बोट फिरवून पाहा. काही गिअरबॉक्समध्ये कनेक्टरची सील गळते आणि तेल वायरीच्या तंतूंमधून, वातीत चढावं तसं चढत टीसीएमच्या पिनांपर्यंत पोचतं. बाहेरून हार्नेस कोरडा दिसतो, आत मॉड्यूलचा कनेक्टर तेलाने माखलेला. अशा वेळी फक्त मॉड्यूल बदललं तर नवंही त्याच वाटेने जातं. सील आधी बदलायची.

गाडी चालवणाऱ्याचीही यात मोठी मदत होते. थंड असताना होतं की तापल्यावर, पाऊस किंवा गाडी धुतल्यानंतर, खड्ड्यात, डावीकडे वळताना, एसी लावल्यावर, हे लिहून ठेवा. 'कधीकधी होतं' यापेक्षा 'अर्धा तास चालल्यावर, चढावर' हे वाक्य तपासणाऱ्याचा अख्खा दिवस वाचवतं. लिम्प मोडमध्ये जोर लावून लांब पल्ला गाठायचा प्रयत्न करू नका. एकाच गिअरवर तेल भराभर तापतं आणि मग जो गिअरबॉक्स निर्दोष होता तो खरंच बिघडतो.

मॉड्यूल दोषी कधी मानायचं? भार देऊनही वीज आणि अर्थ ठीक, त्याच्याच पिनांवर कॅनचा सिग्नल स्वच्छ, बाकीचे सगळे आपसात बोलताहेत, आणि तरीही ते स्कॅनरला उत्तर देत नाही, तेव्हा. थंड असताना चालतं आणि तापल्यावर गप्प होतं असंही दिसतं. आतल्या बोर्डवरचा टाका तडकला की असं होतं. पण बदली मॉड्यूल नुसतं खोचून भागत नाही. बहुतेक गाड्यांत त्याला त्या गाडीचं सॉफ्टवेअर आणि ओळख द्यावी लागते, आणि क्लच कधी पकडतात हे त्याला नव्याने शिकवावं लागतं. हे न करता दुसऱ्या गाडीचं मॉड्यूल लावलं तर ते बोलेलही, पण धक्के देईल किंवा ईसीएम त्याला ओळखणार नाही, आणि पुन्हा गिअरबॉक्सकडे बोट दाखवलं जाईल.

काम झाल्यावर सगळे कोड पुसून गाडी चालवायची, गिअरबॉक्सचं तेल नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत आणि सगळे गिअर दोन-तीनदा पडेपर्यंत. मग परत एकेका मॉड्यूलचे कोड वाचून तोच दोन रकान्यांचा कागद काढायचा. गैरहजरांच्या रकान्यात कुणाचंच नाव आलं नाही, तर चावी द्यायला हरकत नाही.